फळ्याचा उजवा अर्धा भाग

शाळेच्या दारातला काळा फळा नऊ वर्षं माझा होता. रोज प्रार्थनेआधी मी त्यावर दिनविशेष लिहायची: आज कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी. कधी संत, कधी संस्कृतचे पंडित, कधी गवई. खाली चार ओळी माहिती. मुलांना सोडायला आलेले पालक सायकल टेकवून वाचत आणि माझ्या अक्षराला नावाजत. रूप, गळा, हुशारी यांतलं मला काही मिळालं नव्हतं. अक्षर मिळालं होतं.

मग अलोऱ्याहून चित्रकलेचे सर बदलून आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हेडसरांकडून फळ्याचा उजवा अर्धा भाग मागून घेतला आणि तिथे रंगीत खडूनं त्या त्या थोर माणसाचा चेहरा काढू लागले. तेव्हापासून माझ्या भागाकडे कुणी ढुंकून बघेना. ज्या संतांना कुणी पाहिलंच नाही, त्यांचेही नाक-डोळे सर बिनदिक्कत काढत. "हे कुठल्या पुराव्यानं?" मी एकदा सगळ्यांदेखत विचारलं. सर हसून म्हणाले, "बाई, तुम्ही लिहिता ना, तेच वाचून काढतो." मला ते गोड बोलणंही झोंबलं.

मी दुपारीच फळा पुसायला लागले. "उद्याचं लिहायचंय," म्हणायची. शिपाई माझ्या तोंडाकडे बघत राही. लाज वाटायची, तरी पुसायची.

एका सोमवारी शाळा तपासायला साहेब येणार होते, आणि त्याच दिवशी एका जुन्या गवयाची जयंती होती. सर शेजारी खडूनं तंबोऱ्याच्या तारा ओढत होते, भोवती मुलांची झुंबड. मी लिहीत कमी होते, त्यांच्या हाताकडे बघत जास्त. तिसऱ्या तासाला शिकवता शिकवता एकदम आठवलं, मी 'पुण्यतिथी' लिहिलंय. वाढदिवशीच माणसाला मारलं होतं! पुस्तक तसंच टाकून धावले.

वाटेत पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, सरांनी गवई काय काढलानी हो!"

फळ्यावर 'जयंती' होतं. माझ्याच अक्षरात. तोच माझा लांब शेपटीचा य, तीच वेलांटी. सर खडूचे हात झटकत उभे होते.

"कुणाच्या लक्षात आलं नाही, बाई," ते हळूच म्हणाले.

तेही खरंच. वाचत होतं कोण!

आभार मानायला हवे होते. मी नुसती मान हलवली. साहेब आले, चित्राचं कौतुक केलं, "अक्षरही छान" म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी मी फळा पुसला नाही. शाळा सुटल्यावर एकटीच उभी राहून तो एक शब्द बघत राहिले. माझ्या ओळी शेवटाकडे नेहमी जरा वर चढायच्या. नऊ वर्षांत ती खोड मला मोडता आली नव्हती. सरांची 'जयंती' सरळ होती.