फाटकावर अडकवलेल्या पिशव्या

रविवारच्या मिस्सेत फादर प्रवचनात म्हणाले, “आपण सगळे ख्रिस्ताचं एक कुटुंब आहोत,” आणि मी चौथ्या बाकावरून उठून बाहेर आले. मिस्सा अर्धी टाकून देवळाबाहेर पडण्याची ती माझी पहिलीच वेळ. मागच्या बाकांवरच्या माना वळल्या. वळू देत, म्हटलं. स्कूटर काढली आणि थेट सांडोरला घरी आले. वाटेत एकच विचार होता: कुटुंब असतं तर गेल्या तीन आठवड्यांत एक तरी माणूस माझ्या घराचा उंबरा चढला असता.

माझा नवरा विल्सन याला सप्टेंबरात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आमच्या वाडीत जपमाळेला पहिला आवाज त्याचा असायचा. गायन त्यानेच उचलायचं, बाकीच्यांनी मागून धरायचं, हे वीस वर्षं चाललेलं. तो माणूस दहा दिवसांनी इस्पितळातून घरी आला, तो छताकडे बघत पडून राहिला. मी बोलले की डोळे मिटून घ्यायचा. मी कामाला लागले. औषधांच्या वेळा, व्यायाम, रक्तदाब, सगळ्याचे तक्ते भिंतीवर लावले. मला यादी केली की धीर येतो. त्या दिवसांत मी आणखी एक यादी केली, तिची मला आज लाज वाटते. वाडीतली सव्वीस घरं एकाखाली एक लिहिली आणि समोर रकाना आखला: कोण येऊन गेलं. तीन आठवडे तो रकाना कोरा राहिला.

अगदीच काही नाही असं नव्हतं. सकाळी फाटक उघडायला गेलं की तिथे पिशवी अडकवलेली असायची. कधी वेलची केळी, कधी वाल, एकदा अजून गरम असलेला पाव. पण आत कुणी नाही. त्या पिशव्यांनी मला जास्तच संताप यायचा. आजारी माणसाच्या दारापर्यंत यायचं आणि पिशवी लटकवून पळायचं, ही कुठली माया? केळी मी तशीच पिकून काळी पडू दिली. रात्रंदिवस देवाशी भांडत होते. तुझ्या देवळाचे हार, रांगा, सणाच्या खुर्च्या, सगळं मी सांभाळलं, आणि माझ्या वेळेला तू तुझी माणसं फाटकाबाहेर थांबवलीस, असं त्याला तोंडावर म्हणाले. उत्तर आलं नाही. त्याचाही राग आला.

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. मारियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरी असते. तिथे सगळे जमून जपमाळ म्हणतात, उकडलेले चणे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरच्यांनी मूर्ती आपल्या हातांनी पुढच्या घरी न्यायची, मेणबत्त्या घेऊन, गात. कुठल्या दिवशी कुठलं घर, ही यादी अकरा वर्षं मी करते. आमचं घर बारावं. त्या रविवारी घरी आल्याबरोबर मी यादी काढली आणि बाराव्या घरावर काट मारली. अकराव्या घरच्या रेमीबाईला चिठ्ठी धाडली, ‘मूर्ती उद्या परस्पर तेराव्या घरी न्यावी.’ खाली सही केली. महिना संपला की यादीची वही फादरांच्या टेबलावर ठेवायची आणि पुन्हा वाडीतल्या कशातच पडायचं नाही, हे ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फाटक वाजलं. बाहेर सुनंदा उभी. ती जालन्याकडची, नवरा कंपनीत, आमच्या वाडीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत चार वर्षं राहतात. देवळात शेवटच्या बाकावर बसायची, ऑक्टोबरात प्रत्येक घराच्या ओट्याबाहेर उभी राहून जपमाळ म्हणायची. पहिल्याच वर्षी तिने मला विचारलं होतं, “ताई, आमच्या खोलीवर मूर्ती येईल का?” मी वही न उघडताच सांगितलं होतं, “ही यादी जुन्या घरांची आहे. भाडेकरूंचं पुढे बघू.” पुढे कधी बघितलं नाही.

“काय काम आहे?” मी फाटकातूनच विचारलं.

“काम न्हाई, ताई. भाऊला बघाया आले. मोठी मानसं सकाळ-संध्याकाळ येत असतील, गर्दी नको म्हनून दुपारी आले.”

“मोठी माणसं!” मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकला. “एक जण आलेलं नाही या घरात. एक जण! आणि तू कशाला आलीस, बघायला की आमचं काय झालंय?”

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “चिडा, ताई. पन चहा ठिवा. उन्हातनं चालत आले.”

ती आत जाऊन विल्सनच्या खाटेशी खाली बसली. तब्येत विचारली नाही, हळहळली नाही. पदराच्या गाठीतून माळ काढली आणि म्हणायला लागली. तिकडची चाल वेगळी, हेल काढून, जरा गावरान. मी स्वयंपाकघरात रागारागाने आलं ठेचत होते. “नमो मारिये, कृपापूर्णे,” ती म्हणायची, अर्धा भाग संपवायची आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी थांबायची, जणू समोर पन्नास माणसं बसली आहेत. कुणी म्हणत नव्हतं. ती थांबायची, मग स्वतःच पुरं करायची. असं सात-आठ वेळा झालं. पुढच्या वेळी ती थांबली आणि खोलीतून एक जाडा, घसरता आवाज आला. “पवित्र मारिये, देवाच्या माते...”

हातातला बत्ता मी तसाच टाकला. आत गेले तर विल्सनचं तोंड वाकडं होत होतं, गालावर लाळ होती, पण शब्द येत होते. “आता व आमच्या मरणाच्या वेळी.” आमेनपर्यंत आला. सुनंदाने माझ्याकडे बघितलंही नाही, पुढचा मणी धरला. नंतर डॉक्टर म्हणाले, लहानपणापासून पाठ असलेलं कधीकधी आधी परत येतं. तसं असेल. मी वाद घालत नाही. पण तीन आठवडे त्या खोलीत मी तक्त्याप्रमाणे सगळं केलं होतं. त्याच्याजवळ बसून एक माळ तेवढी म्हटली नव्हती.

आनंद झाला तसा रागही दुप्पट झाला. परकी बाई येते, आणि तुम्ही? मी रेमीबाईला फोन लावला आणि नमस्कार न करता सुरुवात केली. अर्धं मिनिट तिने ऐकलं, मग तीही भडकली.

“अगं बाय, तूच लिहिलंस ना वाडीच्या ग्रुपवर? ‘डॉक्टरांनी भेटीस मनाई केली आहे. पुढील सूचनेपर्यंत कोणीही येऊ नये.’ खाली तुझं नाव! पुढील सूचना आली कुठे? तुझी सूचना मोडायची कुणाची टाप आहे या वाडीत? चारदा फाटकापर्यंत येऊन परत गेले मी. केळी कुणाची वाटली तुला?”

मी फोन उघडून बघितलं. होती सूचना. इस्पितळाच्या जिन्यात उभ्या उभ्या लिहिलेली, आठ दिवसांसाठी. मागे घ्यायची राहिली होती. अकरा वर्षं मी या लोकांना सूचना पाळायला शिकवलं होतं, आणि त्यांनी ती पाळली. सुनंदाला ती पोचलीच नव्हती, कारण भाडेकरूंना मी त्या ग्रुपवरही घेतलं नव्हतं.

मी खाटेच्या कडेला बसले. रडू आलं नाही. स्वतःचाच एवढा राग आला होता की रडायलाही जागा नव्हती. मग ग्रुपवर एकच शब्द लिहिला: ‘या.’

त्या संध्याकाळी मूर्ती बाराव्या घरीच आली. ओटा भरला, अंगणात माणसं उभी राहिली. रेमीबाई आत आली ती आधी माझ्यावर ओरडली आणि मग विल्सनचा हात धरून हुंदके देत बसली. चणे सुनंदाने उकडले, मीठ जास्त पडलं. पहिला आवाज विल्सनचा नव्हता, पण प्रत्येक उत्तरात तो होता, सगळ्यांच्या मागे एक अक्षर.

दुसऱ्या दिवशी मी मूर्ती उचलली आणि तेराव्या घरी न नेता वाडीच्या टोकाला नेली. कुजबुज झाली, एक-दोघांनी तोंडावर विचारलंही, “यादीत नाही ना ते घर?” मी म्हटलं, “यादी चुकली होती.” सुनंदाच्या खोलीत आठ माणसं मावली. मला जागा उरली नाही. बाहेर, गटाराच्या कडेला, जशी ती चार वर्षं आमच्या ओट्यांबाहेर उभी राहायची तशी मी उभी राहिले. तिथून मूर्ती दिसत नव्हती. फक्त आतून हेल काढून म्हटलेला अर्धा भाग ऐकू यायचा आणि मग क्षणभराची शांतता, कुणीतरी पुरं करावं म्हणून ठेवलेली.

राग अजून येतो मला, स्वभाव आहे. पण देवाने माझी यादी वापरली नाही, मी वगळलेल्या दारातून तो आला, याबद्दल रोज त्याचे आभार मानते. त्या दिवशी त्या शांततेत मी तोंड उघडलं आणि उरलेला अर्धा भाग म्हटला.