तांदळाच्या डब्यातली बाटली

ती केस मी विसरलेलो नाही. तिच्यात कोणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात ओळही आली नाही आणि माझ्या बढतीला तिचा काडीचा उपयोग झाला नाही. तरीही निवृत्तीनंतर, पुष्कळ उशिरा, लिहायला बसलो तेव्हा तीच प्रथम समोर उभी राहिली. संबंधितांची नावे मी देणार नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मॉरिशसच्या मध्य पठारावरील एका ठाण्यात मी सार्जंट होतो. एका सकाळी फोन आला. बोलणाऱ्या बाईने नाव सांगितले नाही. ड्यूटीवरच्या कॉन्स्टेबलने डायरीत नोंद केली ती अशी: कार्तिए मिलितेर गावाजवळच्या एका मास्तरांच्या घरी भारतातून चोरलेले मूल आणले आहे, सून ते पोटचे म्हणून सांगते, पण दुधाची बाटली तांदळाच्या डब्यात लपवते. खबर देणाऱ्याचे नाव आणि मुलाशी नाते, हे दोन्ही रकाने कोरे होते.

निनावी खबरी बहुधा शेजाऱ्यांच्या वैरातून येतात. पण वैरी माणूस मोठमोठ्या गोष्टी सांगतो. डब्यातली बाटली त्याला दिसत नाही. म्हणून साध्या कपड्यांत मी स्वतःच गेलो.

मास्तर माझ्यासारखेच मराठी वंशाचे, सरकारी शाळेत फ्रेंच शिकवणारे. त्यांच्या पत्नीच्या मांडीवर एक मुलगी होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाठ फिरवून मसूर निवडत होत्या. माझ्या पाठोपाठ शेजारच्या एक बाई वाटी घेऊन साखर मागायला आल्या आणि साखर मिळाल्यावरही गेल्या नाहीत.

"मुलगी आपलीच का?" मी विचारले. स्त्रियांना असले प्रश्न विचारताना मला नोकरीभर संकोच वाटत आला.

"माझीच, भाऊ. पुण्याला बाळंत झाले."

"कोणत्या दवाखान्यात?"

"मोठ्या."

"दोन महिन्यांत गेली नि आली," शेजारीण म्हणाली, "नि पोरगी पाच महिन्यांची. इंडियात दिवस भराभर भरत असतील."

कोणी हसले नाही. मी तांदळाचा डबा पाहण्याची परवानगी मागितली. बाटली आत होती, फडक्यात नीट गुंडाळलेली. सासूबाईंचा हात सुपात थांबला. मी ते पाहिले, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

नवरा-बायकोला मुलीसह ठाण्यावर बोलावले. बाईंचा जबाब मी घेऊ लागलो. त्या तेच पुन्हा सांगत राहिल्या. खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती. ती पोलिसाच्या तोंडाकडे पाहतात. ह्या बाई सारख्या दाराकडे पाहत होत्या, बाहेर कोण ऐकते आहे ते.

मी लेखणी खाली ठेवली. "बाई, तुमच्या बोलण्याला पुरावा नाही. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर चौकशी संपेतो मुलीला सरकारी दवाखान्यात ठेवावे लागेल. ते माझ्या हातात नाही."

त्यांनी मुलीला दोन्ही हातांनी घट्ट धरले. मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "आता सांग. नाहीतर मी सांगतो."

"गावाला कळेल."

"दार लावून घेतो," मी म्हणालो आणि लावले.

मास्तरांनी शाळेच्या पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. महाराष्ट्रातील एका अनाथाश्रमाचे दाखले, तिथल्या न्यायालयाचा पालकत्वाचा हुकूम, मुलीचा पासपोर्ट, मॉरिशस सरकारची परवानगी. सर्व शिक्के जागच्या जागी होते. इतके चोख कागद असलेला आरोपी माझ्यापुढे त्यापूर्वी बसला नव्हता.

मग बाई बोलू लागल्या आणि थांबल्या नाहीत. "चार वर्षं ठरवत होते, पहिल्यांदा भेटेल तेव्हा तिला काय म्हणायचं. आयाबाईंनी ती माझ्या हातात दिली. हिने मला नीट बघितलं, मोठी जांभई दिली नि झोपली. माझं सगळं पाठांतर वाया गेलं. विमानात तर मला घ्यायलाच मिळाली नाही. या हातातून त्या हातात. एका गुजराती आजोबांनी प्लेझान्स विमानतळावर उतरेपर्यंत खाली ठेवली नाही."

"मग बाळंतपणाचं का सांगितलंत?"

"लोक तिला आणलेली म्हणतील. मोठी झाल्यावर तिच्या तोंडावरही म्हणतील. बाटली दिसली तर अंगावर पाजत नाही हे कळेल, म्हणून ती डब्यात."

पासपोर्ट कार्यालयाला फोन केला. दुपारी उत्तर आले: सर्व नोंदी बरोबर. कायद्याच्या दृष्टीने केस संपली. पण डब्यातली बाटली बाहेरच्या माणसाला ठाऊक असणे शक्य नव्हते. त्या घरातच कोणीतरी मुलीला चोरीची समजत होते, आणि मुलीला त्याच घरात वाढायचे होते.

चौरस्त्यावरच्या चिनी दुकानात गावाचा एकच फोन होता. दुकानदाराला आठवायला वेळ लागला नाही. "मास्तरांची म्हातारी. रिसीव्हर उलटा धरून अर्धं बोलली. मी सरळ करून दिला, तर मलाच रागावली."

मी मास्तर आणि त्यांच्या पत्नीसह घरी परतलो. सासूबाई, म्हणजे मुलीच्या आजी, ओट्यावर बसल्या होत्या.

"फोन मीच केला," मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या. "सून गरवार न्हवती, ह्ये मला कळत न्हाय व्हय? कुनी तरी माय तिकडं रडत असंल. तिचं पोर माझ्या घरात हसतंय. मला घास जाईना."

"आई, कागद आहेत," मास्तर म्हणाले.

"कागद अंग्लेत. तू मला कधी वाचून दाखवलास?"

मास्तरांनी गठ्ठा माझ्या हातात दिला. त्यांनी आईला काहीच सांगितले नव्हते. परक्याचे मूल ती घेणार नाही, असे दोघांनी परस्पर ठरवून टाकले होते.

अंग्लेतला, म्हणजे इंग्रजीतला, हुकूम वाचून आजींचे समाधान होणार नव्हते. मी गठ्ठा पुन्हा चाळला. तळाशी एक घडी केलेला मराठी कागद होता. "कपड्यांची यादी असेल," मास्तर म्हणाले. "ते हस्ताक्षर आम्हाला लागलं नाही." लहानपणी गावातल्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या मराठी शाळेत, रोज गिरवलेली अक्षरे त्या दिवशी माझ्या कामी आली. मी अडखळत वाचू लागलो. पत्र आश्रमातल्या आयाबाईंचे होते.

"ताई, हिला आम्ही सोनी म्हणतो, तुम्ही तुमचं नाव ठेवा. ती दाराशी मिळाली तेव्हा दोन दिवसांची होती. पोलिसांनी आईचा शोध केला, पेपरात दिलं. मुदत संपेतो आम्ही वाट बघितली. कोणी आलं नाही. कोणाच्या हातातून ओढून तुम्हाला दिलेली नाही, हे मनात राहू द्या. रडली तर डाव्या खांद्यावर घ्या. उजव्यावर राहत नाही."

आजींनी ते पत्र मला पुन्हा वाचायला लावले. मग त्यांनी सुनेकडे न पाहता हात पुढे केले. मुलगी रडू लागली. आजींनी तिला उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतले. ती गप्प झाली.

"येडे," आजी सुनेला म्हणाल्या, "बाटली तांदळाच्या डब्यात ठेवत्यात व्हय? मुंग्या लागतील."

या केसने मला एक सवय लावली. त्यापूर्वी तपासात मी विचारत असे, कोणी काय लपवले? नंतर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: घरातल्या कोणाला सांगायचे राहिले? लपवलेले पुण्य आणि लपवलेले पाप बाहेरून अगदी सारखे दिसतात. पोलिसाने दोन्हींत घाई करू नये, असे मला आजही वाटते.

डायरी बंद करण्यासाठी खबर देणाऱ्याची माहिती भरणे भाग होते. मी आजींना नाव विचारून लिहिले. पुढचा रकाना वाचून दाखवला: मुलीशी नाते काय?

त्यांनी मुलीकडे पाहिले. मुलीने त्यांच्या लुगड्याचा काठ तोंडात धरला होता.

"लिवा," त्या म्हणाल्या. "आजी."