शेठजींच्या कोनाड्यातला लोटा

मुलांनो, तुम्ही इतक्या दूर देशी राहता, पण साऱ्या जगाला आपलं घर मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नवापूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता. ते तळोद्याचे आमचे शेजारी, कापडवाले शेठजी. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. शेठजी मात्र गिऱ्हाईक जिथलं असेल तिथलेच होऊन जात. गादीशेजारी त्यांची पगडी, सुरतेच्या व्यापाऱ्यांसाठी काळी टोपी आणि साहेबांसाठी हॅट अशी तयारी असे. एकदा घाईत त्यांनी पगडीवरच हॅट चढवली, तेव्हा समोरच्या शेतकऱ्याने शांतपणे अहिराणीत विचारलं, "शेठ, आज दुकानमा दोन जण शेतस का?"

मी पुण्याला इंग्रजी शिकत होते. सुटीत घरी आले की शेठजी भर दुपारी मला "गुड मॉर्निंग, बेटा" म्हणत. त्यांची एकच इच्छा होती. "मी जाईन तेव्हा सात भाषांत रडलं पाहिजे. कोणालाच मी परका वाटायला नको." माझे वडील विचारत, "सहा झाल्या, सातवीत कोण रडणार?" शेठजी माझ्याकडे बोट दाखवत. "इंग्रजी बेटाकडे."

अशा या दुकानाच्या बाहेरच्या कोनाड्यात एक लोटा उपडा असे. डोंगरातून आलेल्यांनी त्यातून पाणी प्यायचं, विसळून तिथेच ठेवायचा. त्यात काही वावगं आहे असं ना शेठजींना वाटे, ना मला.

डोंगरातल्या काठी गावचा एक म्हातारा दरवर्षी त्यांना चारोळी आणून देई, पायरीवर बसून तासभर त्याच्या पावरी बोलीत गप्पा मारी. एका वर्षी त्याने होळीचं बोलावणं केलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी, वडील आणि मी त्याच्या अंगणात पोहोचलो. सगळे भोपळ्याच्या एकाच तुंब्यातून पाणी पीत होते. एका कोपऱ्यात मात्र कोरं मडकं होतं, त्यावर शेठजींच्याच दुकानातलं पांढरं फडकं बांधलेलं आणि शेजारी नवा लोटा उपडा.

"शेठ, हे तुमचं," म्हातारा कौतुकाने म्हणाला. "आमच्यातल्या कोणी हात नाही लावला. तुमच्याकडे आमचं असतं ना, तसंच वेगळं ठेवलं."

सहा भाषा येणाऱ्या शेठजींनी लोटा भरला आणि म्हाताऱ्यापुढे धरला. "दादा, आधी तू." म्हातारा प्यायला. उरलेलं पाणी शेठजी त्याच लोट्याला तोंड लावून प्यायले.

तळोद्याला परतल्यावर कोनाड्यातला लोटा घरातल्या भांड्यांत गेला. शेठाणी आठ दिवस त्यांच्याशी कोणत्याच भाषेत बोलल्या नाहीत.

ते गेले तेव्हा मी लग्न होऊन नागपूरला होते. वडिलांचं पत्र आलं: काठीचा म्हातारा डोंगर उतरून आला, पायरीवर थांबला नाही, थेट आत गादीपाशी बसून पावरीत रडला. माझ्या वाट्याचं इंग्रजीतलं रडणं मला काही जमलं नाही. मी मराठीतच रडले. मग डोळे पुसून मागच्या दारी गेले. तिथे खिडकीत भांडी घासणाऱ्या बाईंची वेगळी कपबशी होती. चार वर्षं ती तिथेच असेल. मी ती उचलून आत आणली.