समीरच्या गळ्यातली माळ

हात पिठात व्हते तवा महाराज सैपाकघराच्या दारात आले. "आजी, गॅरेजवाल्याच्या समीरला माळ कुणी घातली?"

मी म्हटलं, आपल्याच पोरांनी.

आळंदीत पोरं कीर्तन न् पखवाज शिकत्यात, अशा एका संस्थेत मी सैपाक करते. मालक वारले, मोशीची जमीन दिरांनी इकली, तवापासनं हीच माझी ड्युटी.

दर रविवारी पिंपरीहून एक बाई गोष्टींची पुस्तकं घेऊन यायच्या. पोरांना दुसऱ्याचं मन कळावं म्हणून महाराजांनीच बोलावलं व्हतं त्यांना. शेजारच्या गॅरेजवाल्या जावेदभाईंचा समीर बी ऐकायला यायचा. तो बसला की पोरं हळूच लांब सरायची.

मंग बाईंनी उंटाची गोष्ट वाचली. म्हशींच्या गोठ्यात उंट येतो. त्याचं डोकं छपराला लागतं. म्हशी आधी हसत्यात, मंग सगळ्या मिळून छप्पर वर उचलत्यात. पोरांच्या मनाला लागलं. विष्णू नावाचं पोरगं तर रडलं.

पुढच्या रविवारी विष्णूनं आपल्याकडची जादाची तुळशीची माळ समीरला घातली. आमच्यात माळ घातली की मटण-मासळी सुटली, ती जन्माची. पोरांना वाटलं, आता ह्यो आपला झाला. पंगतीत त्याला मधोमध बसवलं. मीच वाढलं. ते पोरगं असं हसत व्हतं, की मला बी बरं वाटलं.

हे सगळं मी महाराजांना सांगतेय तवर जावेदभाई आले. धुतलेल्या फडक्यात माळ गुंडाळून आणलेली. दोन्ही हातांनी महाराजांना दिली.

"पोरांवर राग न्हाई, माउली. मायेनंच घातली त्यांनी. पण समीर आता आईच्या हातचं खाईना. भांड्यांना मटण लागलंय म्हणतो. ती नुसती रडत बसलीय."

महाराजांनी माळ कपाळाला लावली न् म्हणाले, चुकलं आमचं, पोराला पाठवत जा.

"आता नको. आधी घर जागेवर येऊ द्या."

ट्रस्टींच्या कानावर गेलं. उगं गावात बोभाटा नको म्हणून त्यांनी गोष्टींचा तासच बंद केला. बाईंना फोनवरच कळवलं.

विष्णू भाकरी घ्यायला आला की इचारतो, "आजी, आमी तर त्याला आपल्यातला केला. मंग तो का गेला?" मी त्याच्या ताटात भाकरी टाकते.

समीर गॅरेजात जुन्या टायरवर ताल धरतो. मला बघितलं की हात थांबवतो.

गोष्ट संपली की बाई बस धरायच्या, महाराज पाठाला जायचे, मी तव्यापाशी. पोरं त्या गोष्टीसंगं एकटीच उरायची. म्हशींनी छप्पर उचललं व्हतं, उंटाला वाकवलं न्हवतं, एवढं सांगायला कुणीतरी घडीभर त्यांच्यापाशी बसाया पायजे व्हतं.