झाकणावरचा अशनी

भट्टीवाल्या आबांची सारी हयात फाउंड्रीत गेली. ज्वाळेचा रंग बघून लोखंड ओतायला झालं की नाही, ते सांगायचे. त्यामुळे अंगणात काळा, जड दगड सापडला आणि आबा म्हणाले, “हा अशनी, आकाशातून पडलेला,” तेव्हा गल्लीत कुणी शंका काढली नाही. आदल्याच रात्री एक लघुग्रह पृथ्वीच्या जवळून, चंद्राच्याही अलीकडून गेल्याची बातमी होती. वाराही भणाणत होता. दगडाला लोहचुंबक चिकटला, मग काय विचारता!

आबांनी दगड ओट्यावर मांडला आणि जत्रा लोटली. समोरचा शिंपी म्हणाला, “एवढ्या लांबून आला आणि नेमकं तुमचंच दार सापडलं?”

“ज्याला कळतं त्याच्याच दारी पडतो,” आबा म्हणाले.

नात ठमी दगड टॉवेलात गुंडाळून शाळेत घेऊन गेली. विज्ञानाच्या बाईंनी आबांनाही बोलावलं होतं. आबा इस्त्रीचा सदरा चढवतायत, तोच बहिणीकडून त्याच सकाळी परतलेली आजी गच्चीवरून ओरडली, “अहो, टाकीचं झाकण उडालंय! त्यावरचा दगड कुठं गेला? तुम्ही भट्टीतून आणलेला तो मळीचा गोळा हो!”

आबांचा हात बटणावरच राहिला. वितळलेल्या लोखंडावर तरंगणारी मळी काढण्यात जन्म गेला होता.

ते शाळेत पोचले तेव्हा ठमी सांगत होती, “माझ्या आबांना लोखंडातलं सगळं कळतं.”

“या ना, तुम्हीच सांगा,” बाई म्हणाल्या.

“बाई, तो... आमच्या टाकीवरचा आहे. वाऱ्यानं पडला. भट्टीतली घाण आहे ती.”

वर्ग खदखदून हसला. “चूक कुणाचीही होते हो,” बाई म्हणाल्या, ते जास्त लागलं. ठमीच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

घरी येताना ती पुढं, आबा मागं.

“दे इकडं, जड आहे.”

“नको.”

कोपऱ्यावर ती थांबली. “आबा, तुला खरंच ओळखू आला नाही?”

‘नाही’ अगदी ओठांवर आलं. पण दगड उचलला त्याच सकाळी आबांना त्याच्या एका अंगाला बुडबुड्यांची बारीक भोकं दिसली होती. मळी थंड होताना पडतात तशी. ते अंग त्यांनी खाली, ओट्याकडे करून ठेवलं होतं.

“आला होता गं,” ते म्हणाले. “टाकीवरचा म्हणून नाही, पण मळी असावी असं वाटलं होतं. म्हणून तर उलटा ठेवला.”

ठमीनं दगड त्यांच्या हातात दिला आणि चालू लागली.

मान खाली घालून आबा गल्लीत शिरले. शिंप्यानं मशीन थांबवलं. “काय आबा, पाहुण्याला शाळेत घातलं का?”

आबांनी दगड पालथा केला आणि भोकांचं अंग त्याच्यासमोर धरलं.