मोठ्यानं घातलेलं गाऱ्हाणं

देवीनं मला नेमकं काय सांगितलं, हे मला अजूनही धड कळलेलं नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण त्या दिवशी देवळात जे झालं ते मनातून जात नाही, आणि कोणाला सांगायला गेले की माझाच गोंधळ वाढतो.

आधी आजाराचं सांगते. दोन-तीन वर्षं माझे डोळे वाळू गेल्यासारखे टोचत होते. तोंड इतकं कोरडं पडायचं, की पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नसे. सकाळी बोटांचे सांधे सुजलेले असत. कोणी म्हणे वय झालं, कोणी म्हणे उष्णता. सब्जा पिऊन पिऊन मी कंटाळले. शेवटी पनवेलच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासून आजाराला नाव दिलं. त्यांनी समजावलं ते असं, की शरीराचे राखणदार घरच्यांनाच चोर समजून मारत सुटतात, त्यामुळे लाळेच्या, अश्रूंच्या ग्रंथींत आणि सांध्यांत दाह होतो. त्याचा कल रक्तातून येतो, पण कल असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही. मी मान डोलावली, कळलं मात्र अर्धंच. मग त्यांनी विचारलं, मुलगी आहे का? म्हटलं, आहे की, पाचवा महिना चालू आहे तिला. बाई एकदम गंभीर झाल्या. माझ्या रक्तात जे सापडलं ते तिच्याही रक्तात असेल, तर ते नाळेतून पोटातल्या बाळाच्या हृदयापर्यंत पोचू शकतं, ठोके मंदावू शकतात. तिला काही त्रास नसला तरी तपासणी करा आणि लवकर करा, म्हणाल्या.

वरसेला, सासरच्या गावी, घरी आले ती डोक्याचा भुगा घेऊनच. लेक विश्रांतीला माहेरी आली होती. तिचं पहिलं मूल पोटातच गेलेलं. त्यानंतर वर्षभर ती कोणाशी नीट बोलत नव्हती. आता कुठे आरशासमोर उभी राहून हसायला लागली होती. तुझ्या आईच्या रक्तातलं काहीतरी तुझ्या बाळावर उठलं असेल, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? आमचे हे नागोठण्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आले, तेव्हा त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, पोरीला उगाच घाबरवू नको, आणि तिच्या सासरी कळलं तर खोट काढतील ती वेगळीच. पहिल्या बाळाचंही कारण हेच असेल का, असं मनात आलं की हातातलं काम सुटायचं. माझं मेलीचं मन सकाळी सांगायचं ठरवी नि दुपारपर्यंत फिरे.

माझं माहेर पेण तालुक्यातलं, कासू स्टेशनापासून जवळच. आमच्या गावात काही अडलं की देवीला कौल लावतात. देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भावाला भेटायचं निमित्त करून निघाले, तर लेकही आली. मामीच्या हातचं वालाचं बिरडं खायचं होतं तिला. तिला घरात बसवून मी एकटीच देवळात गेले.

गुरवाच्या कानात मी सगळं हळू सांगितलं. वाटलं, तोही तसंच देवीला सांगेल. इतकी वर्षं सासरी काढून मी विसरलेच होते, की गाऱ्हाणं मोठ्यानं घालायचं असतं. त्यानं देवीला कळ्या लावल्या, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आई, ही तुझी माहेरवाशीण दारात उभी हाय. हिच्या रक्तात आजार हाय. तो लेकीच्या रक्तात असंल तर पोटातल्या बाळाच्या काळजाला धोका हाय. लेकीला सांगायचं का नाय, उलगडा कर गो आई." थांबा, थांबा, असे मी हात हलवत होते, पण बघतंय कोण! मागे वळले तर दारात लेक. मी पाण्याची बाटली घरी विसरले होते. पाण्याशिवाय माझं घटकाभरही निभत नाही म्हणून ती मागोमाग आली होती.

तिनं बाटली माझ्या हातात दिली. मला रडावं तर डोळ्यांत पाणी नाही. ती पायरीवर बसली.

"आई, पहिलं गेलं तेव्हापासून माझं काय चुकलं म्हणून मी रोज झुरतेय. आणि तू मला सोडून देवीला विचारत बसलीस?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनंच विचारलं, पनवेलला कधी जायचं. कौलासाठी आम्ही थांबलोच नाही.

जे माझ्या रक्तात होतं, ते तिच्याही रक्तात निघालं. बाळाचे ठोके मात्र नीट पडत होते. गोळ्या सुरू झाल्या, पुनःपुन्हा सोनोग्राफी झाली. प्रत्येक वेळी मी बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसे. पहिल्याचं कारण हेच होतं का, ते आता सांगता येणार नाही, म्हणाल्या डॉक्टरबाई.

मध्येच भावाचा फोन आला. आम्ही गेल्यावर म्हणे कळी पडली होती, आणि तीही डावी. म्हणजे देवीचं म्हणणं होतं, सांगू नको! मी हबकलेच. लेक आली नसती तर ती आज्ञा मानून मी तोंड मिटून घरी आले असते. मग बाटली विसरायला लावणारं कोण, आणि कळी पाडणारं कोण? लेकीला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, तोवर मला कळलंच होतं, तू आणखी काय सांगणार होतीस?

नात झाली, ठणठणीत. तिच्याही रक्तात तो कल असेल किंवा नसेल. मला एवढंच उमगलं, की देवीपुढेही मी हातचं राखून गेले होते; उत्तर मला एकटीला मिळावं, लेकीला कळू नये. असं झाकून ठेवून शरण जाता येत नाही.

देवीची ओटी भरायला गेलो, तेव्हा गाऱ्हाणं काय घालू, असं गुरवानं विचारलं. लेक म्हणाली, मी घालते. तान्हीला छातीशी धरून ती मोठ्यानं बोलली, "आई, हिच्या रक्तात काय आहे ते तुला ठाऊक. आम्हाला जेवढं कळेल, तेवढं आम्ही हिला सांगू."

मी शेजारी हात जोडून उभी होते. मला मागायला काहीच सुचलं नाही.