झेलीचे न उमटणारे डोळे

झेली मोठी बोलघेवडी. पॅरिसात सेन नदीवर धोबिणींची एक नाव होती, तिथे ती कपडे धुवायची. डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हाताच्या दुप्पट तोंड चालायचं, पण बिचारीचं ऐकतो कोण? पुढे नावेच्या मालकिणीचा खून झाला, आणि झेली साक्षीला उभी राहिली तेव्हा सगळं कोर्ट कान टवकारून बसलं. तिने उजवा हात वर करून शपथ घेतली आणि ठणकावून सांगितलं, "धुण्याच्या वाफेतून पळाला तो पाणक्या मातुरँच, मी पाहिलं!" झालं! मातुरँचं मुंडकं उडवायचं ठरलं.

मग चित्रांच्या दुकानात झेलीचं चित्र लागलं. वास्लो नावाच्या चित्रकाराने कोर्टात बसून घाईघाईत रेखाटलेलं. त्यात तिचा डावा हात वर होता.

"अगं बया! डाव्या हाताची शपथ?" म्हातारी ऑर्तांस धुणं आपटत म्हणाली. "ती देव नाही ऐकत, सैतान ऐकतो हो!"

नावेवर हशा पिकला. दुसऱ्या दिवशी सकाळीच झेलीने वास्लोचं दार ठोठावलं.

"साहेब, तेवढा हात बदला. बायका जगू देत नाहीत मला."

"अहो बाई, चित्र छापायला दगडावर उतरवतात, मग ते कागदावर उलटं उमटतं. हे बघा कोर्टात काढलेलं मूळ चित्र."

हात उजवाच होता. झेलीचा जीव भांड्यात पडला. पण डोळ्यांच्या जागी कोरा कागद!

"अन् डोळे?"

वास्लो खजील झाला. "उमटतच नाहीत हो. छापताना टोपीची सावली टाकून वेळ मारून नेली. बसा जरा, समोर बघून काढतो."

ती बसली. त्याने पेन्सिल फिरवली, मग दाबून फिरवली. कागद कोरा तो कोराच. शेगडी पेटलेली असूनही झेलीचे दात वाजायला लागले.

"वाफ होती हो!" ती एकदम रडायला लागली. "कुणीतरी पळालं, एवढंच दिसलं. सगळे म्हणत होते मातुरँच असणार. न्यायाधीश पुढे वाकून माझं ऐकत होते... मी म्हटलं, तोच!"

पेन्सिल करकरली. कागदावर दोन भेदरलेले डोळे उमटले.

झेली ताडकन उठली. "मी कोर्टात जाते. खोटं बोलले म्हणून सांगते. मला टाकू देत कैदेत! तो सुटेल ना?"

वास्लो तिच्याकडे बघेना. "बाई, आज पहाटेच उरकलं. मी वधस्थळावरूनच आलोय."

झेलीने चित्राकडे पाहिलं. चित्रातले डोळे तिच्यावरच रोखलेले होते.

"पुसा ते," ती पुटपुटली.

वास्लोने खोडायला ठेवलेल्या पावाचा मऊ गर चोळून बोळा केला आणि डोळ्यांवर घासला. बोळा काळा झाला, डोळे तसेच. झेलीने त्याच्या हातून पाव हिसकावून घेतला आणि स्वतः घासायला लागली. आख्खा पाव संपला तरी ती घासतच होती.